ड्यू म्हणजे थकलेलं नाही : मेसेजमधला, बिलावरचा आणि पत्रातला ‘ड्यू’ नीट समजून घेऊया

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एक काकू संध्याकाळी भिजतच घरी आल्या, मोबाईल पदरात गुंडाळलेला, आणि दारातूनच म्हणाल्या, अगं हे बघ गं, माझी पॉलिसी बुडाली का? मेसेज विम्याच्या हप्त्याचा होता, प्रीमियम अमुक तारखेला ड्यू आहे एवढंच लिहिलेलं, आणि ती तारीख यायला अजून बारा दिवस होते. पण काकूंनी ड्यू वाचलं आणि डोक्यात ते ‘थकलं’ असं गेलं, कारण आजवर हा शब्द कानावर पडला तो सोसायटीच्या नोटीसबोर्डावर नाहीतर वसुलीवाल्याच्या तोंडून. माझ्याकडे यायच्या आधीच त्यांनी शेजारणीकडून साडेचार हजार उसने घेतले होते. घरात पैसे नव्हते असं नाही, पेन्शन आठ दिवसांवर होती, पण एका शब्दाच्या धास्तीने त्या दुसऱ्याच्या दारात गेल्या.

मी मोठ्या माणसांना कामापुरतं इंग्रजी शिकवते, म्हणजे बिलं, मेसेज, फॉर्म, डॉक्टरचे कागद असलं सगळं, आणि काकूंचा तो चेहरा बघितल्यापासून नवीन बॅचचा पहिला तास मी याच शब्दावर घेते. इंग्रजीत तीनच अक्षरं आहेत, डी, यू, ई. पण पैसा, तारीख, कायदा, दवाखाना सगळीकडे हा शब्द बसलेला आहे. ज्यांना अजून गोंधळ होतो त्यांच्यासाठी, किंवा ज्यांना घरातल्या मोठ्यांना समजावून सांगायचंय त्यांच्यासाठी, आमच्या वर्गात घेतो तसंच इथे लिहितेय.

पायरी १ : आधी आपलं ‘येणं’ आठवा

डिक्शनरी उघडली की देय, बाकी, अपेक्षित, योग्य, नियत असे पाचसहा अर्थ एकाखाली एक दिसतात आणि नवीन माणूस तिथेच अडकतो, कारण देय आणि योग्य यांचा एकमेकांशी संबंध काय हेच कळत नाही. म्हणून मी डिक्शनरी मिटायला लावते आणि वहीखात्यातला शब्द काढायला लावते, येणं. दुकानदार म्हणतो ना, वरच्या आळीतून तीनशे रुपये येणं आहे. आणि स्टँडवर आपण म्हणतो पाचची एसटी यायचीये अजून. एकीकडे पैसे, दुसरीकडे गाडी, पण भाव तोच, की ठरलेलं आहे, यायला हवं आहे, अजून हातात पडलेलं नाही. एवढा भाव पक्का धरला की ड्यू अर्धा समजला. पैसे ड्यू, गाडी ड्यू, बाळ ड्यू, प्रमोशन ड्यू, स्कूटरचं सर्व्हिसिंग ड्यू, सगळीकडे हेच. आणि ज्याचं येणं त्याच्या समोरच्याचं देणं, म्हणून बिल आपल्या हातात असतं तेव्हा तोच शब्द ‘देय’ होतो.

हे काही मी ओढूनताणून जुळवत नाहीये, शब्दाचं मूळच देण्याघेण्यातलं आहे. लॅटिनमध्ये देबेरे म्हणजे देणं लागणं, ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं, आणि त्याच घरातले बाकीचे शब्द आपण रोज वापरतो, कर्जाला डेट, खात्यातून पैसे जातात ते डेबिट, आणि ड्यूटी. नर्सताईंची नाइट ड्यूटी म्हणजे त्या जे काम देणं लागतात ते. हे एकदा सांगितलं की वर्गातल्या बायका स्वतःच म्हणतात, म्हणजे ड्यू आणि ड्यूटी बहिणी.

उच्चार आपण ड्यू करतो तो बरोबर आहे. अमेरिकेत त्याला सरळ डू म्हणतात, इंग्लंडमध्ये बऱ्याच जणांच्या तोंडी तो ज्यू असा ऐकू येतो, त्यामुळे पोरांकडे परदेशी गेलात आणि कोणी ‘रेंट इज डू’ म्हणालं तर ते आपलंच ड्यू आहे हे लक्षात ठेवा.

पायरी २ : तारीख गेली का अजून आहे ते बघा

काकूंची चूक इथली होती. नुसतं ड्यू म्हणजे वेळ ठरली आहे. वेळ टळून गेली तर शब्द बदलतो, ओव्हरड्यू किंवा पास्ट ड्यू. थकीत हा अर्थ त्या ओव्हर आणि पास्टमध्ये आहे, एकट्या ड्यूमध्ये नाही. म्हणून मेसेज आला की आधी शब्दाच्या अलीकडे पलीकडे बघायचं, ओव्हर किंवा पास्ट दिसतंय का, मग तारीख बघायची, मग घाबरायचं की नाही ते ठरवायचं.

विम्याचं सांगते. हप्ता वर्षाचा, सहामाही किंवा तिमाही असेल तर ड्यू डेटनंतर ३० दिवसांची सवलत असते आणि महिन्याचा असेल तर १५ दिवसांची, त्याला ग्रेस पीरियड म्हणतात. काकूंचा हप्ता वर्षाचा होता, म्हणजे हातात बारा दिवस होतेच आणि वर महिनाभर. तरी मी ग्रेसच्या भरवशावर राहा असं सांगत नाही, फक्त रात्री दुसऱ्याच्या दारात जायची वेळ नसते एवढंच.

क्रेडिट कार्डाला रिझर्व्ह बँकेचा २०२२चा नियम आहे, ड्यू डेट उलटून तीन दिवसांच्या वर गेलं तरच कंपनीला लेट फी लावता येते आणि क्रेडिट ब्युरोला, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, ‘पास्ट ड्यू’ म्हणून कळवता येतं. पण तीन दिवसांच्या वर गेलात की दिवस मोजतात ते मूळ ड्यू डेटपासूनच. कर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त ओव्हरड्यू राहिला की खातं एनपीए होतं, म्हणजे बँकेच्या हिशोबात अडकलेलं कर्ज. पीककर्जाला मात्र महिने लावत नाहीत, हंगाम लावतात, कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम ओव्हरड्यू राहिलं तर एनपीए आणि लांब मुदतीच्या पिकाला एक हंगाम. हे शेतकऱ्यांच्या घरात माहीत असायलाच हवं.

लाइटबिलाच्या मराठीत देयक आणि देय असे दोन शब्द शेजारीशेजारी असतात, आणि मराठी शाळेत शिकलेली माणसंही तिथे चुकतात. देयक म्हणजे ते बिल, कागद. देय म्हणजे ड्यू. देयक दिनांक ही बिल निघाल्याची तारीख, देय दिनांक ही भरायची शेवटची. एक बाई दर महिन्याला देयक दिनांक वाचून ‘आपली तारीख गेली’ म्हणून पळत जायच्या, त्यांचं ते धावणं एका क मुळे होतं.

पैसे सोडून बाकी ठिकाणच्या ड्यूलाही तारीखवेळेचा हाच हिशोब. लायब्ररीच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर चिकटवलेला कागद असतो ना, शिक्के मारलेला, ती ड्यू डेट स्लिप, शेवटचा शिक्का म्हणजे पुस्तक परत येणं आहे ती तारीख. अमेरिकेत शिकायला गेलेल्या पोरांना असाइनमेंट ‘ड्यू फ्रायडे, ११:५९ पीएम’ असं येतं, म्हणजे शुक्रवारी रात्री बारा वाजायच्या आधी जमा झालं पाहिजे, शुक्रवारी करायला घ्यायचं असं नाही. लंडनच्या बसस्टॉपवरच्या बोर्डावर आधी ५ मिनिटं, २ मिनिटं असं दिसतं आणि मग नुसतं ‘ड्यू’ येतं, तिथे नवीन गेलेल्यांना वाटतं बस रखडली, उलट तेव्हा बस अगदी जवळ आलेली असते, हात दाखवायला पुढे व्हायचं.

आणि बाळंतपणाची तारीख. सोनोग्राफीच्या कागदावर ईडीडी, म्हणजे एक्स्पेक्टेड डेट ऑफ डिलिव्हरी, असं असतं, बोलताना सगळे ड्यू डेट म्हणतात. डॉक्टर ती काढतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, नऊ महिने आणि सात दिवस पुढे, म्हणजे एकूण २८० दिवस. पाळी १० जानेवारीला आली असेल तर ड्यू डेट १७ ऑक्टोबर. पण बरोबर त्या दिवशी जन्मणारी बाळं वीसात जेमतेम एखादं. म्हणून इथला ड्यू ‘अपेक्षित’ असा घ्यायचा, शेवटची मुदत असा नाही. सासूबाईंनी कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल केला आणि १८ तारखेला घरात रडारड सुरू झाली असं मी बघितलंय, त्या मुलीला त्या दिवसात हे कोणीतरी शांतपणे सांगायला हवं होतं. अर्थात तारीख उलटली तर डॉक्टरांना दाखवायचंच, पुढे किती थांबायचं ते डॉक्टर सांगतील.

पायरी ३ : ‘अमाउंट ड्यू’च्या आधी कुठला शब्द आहे ते वाचा

इंग्रजीत विशेषण बहुतेक वेळा नामाच्या आधी येतं, रेड साडी, बिग हाउस. ड्यू मात्र पैशांच्या बाबतीत नामाच्या नंतर जातो, अमाउंट ड्यू, बॅलन्स ड्यू. आपल्याकडे ऑफिसात ‘ड्यू अमाउंट’ सर्रास म्हणतात, समजतं सगळ्यांना, पण कागदावर तुम्हाला अमाउंट ड्यूच सापडेल.

कार्डाच्या बिलावर दोन ओळी असतात, टोटल अमाउंट ड्यू आणि मिनिमम अमाउंट ड्यू. माझ्या मावसभावाने पहिलं कार्ड घेतलं तेव्हा त्याला वाटलं कंपनीने एवढेच मागितलेत, म्हणून तो पाच महिने मिनिममचीच रक्कम भरत राहिला, नियमाने, एकदाही तारीख न चुकवता. कार्ड देणाऱ्या माणसाने त्याला यातलं काही सांगितलं नव्हतं. मिनिमम म्हणजे एवढं भरलंत तर तुम्हाला थकबाकीदार म्हणणार नाही, बस. बाकी रकमेवर व्याज चालू राहतं आणि नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

आकड्यात बघा. समजा टोटल ४०,००० आहे आणि मिनिमम ५ टक्के म्हणजे २,०००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर १,४०० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी २५२, झाले १,६५२. म्हणजे तुम्ही भरलेल्या २,००० मधले मुद्दलात गेले फक्त ३४८. वर्गात हा हिशोब मी फळ्यावर मांडते तेव्हा सगळे एकदम गप्प होतात, एका आजोबांनी खिशातून डायरी काढून तो ३४८ आकडा लिहून घेतला आणि मुलाला फोन करायला बाहेर गेले.

परदेशातल्या क्लायंटला बिल पाठवणाऱ्यांसाठी एक छोटंसं, इन्व्हॉइसवर ‘ड्यू ऑन रिसीट’ असेल तर बिल मिळताच पैसे द्यायचे, ‘नेट ३०’ असेल तर बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत.

पायरी ४ : ‘ड्यू टू’ दिसलं की पुढचा शब्द बघितल्याशिवाय अर्थ लावू नका

इथे जास्त वेळ द्या, कारण चांगलं इंग्रजी येणारेही इथे घसरतात. आपल्याला शाळेत ड्यू टू म्हणजे ‘च्यामुळे’ एवढंच शिकवलेलं असतं. ‘द डिले वॉज ड्यू टू रेन’, उशीर पावसामुळे झाला. बरोबर आहे. पण ड्यू टू तीन प्रकारचं असतं आणि तिन्हीचा अर्थ त्याच्या पुढे काय आलंय त्यावरून ठरतो.

पुढे कारण आलं, पाऊस, आजार, संप, तर ‘च्यामुळे’.

पुढे माणूस किंवा संस्था आली आणि गोष्ट पैशाची किंवा हक्काची असेल तर ‘ला’. ‘द अमाउंट ड्यू टू यू’ म्हणजे तुम्हाला मिळायची असलेली रक्कम. एका रिटायर झालेल्या शिक्षकांच्या पत्रात हेच वाक्य होतं आणि त्यांच्या पुतण्याने त्यांना वाचून सांगितलं की तुमच्यामुळे रक्कम अडकली आहे. सर दोन दिवस जेवले नाहीत नीट, आपण कुठला कागद चुकीचा दिला म्हणून जुन्या फायली काढत बसले. खरं तर ऑफिस त्यांना कळवत होतं की तुमचे पैसे येणं आहेत.

पुढे क्रियापद आलं तर ‘करणार आहे, व्हायचं आहे, वेळ ठरलीये’. ‘द मिनिस्टर इज ड्यू टू अराइव्ह ॲट टेन’, मंत्री दहाला यायचे आहेत. ‘शी इज ड्यू टू रिटायर इन मे’, त्या मे महिन्यात रिटायर होणार आहेत. यात मुळे बिळे काही नाही.

आता स्वतः लिहायचं असेल तर काय करायचं. जुने व्याकरणवाले याबाबतीत कडक होते, इंग्लंडमध्ये फाउलर नावाच्या कोशकाराने १९२६च्या आपल्या पुस्तकात ड्यू टू वाटेल तिथे वापरायला हरकत घेतली होती. त्यांचं म्हणणं असं की ड्यू विशेषण आहे, तर त्याला चिकटायला नाम हवं. ‘हिज ॲब्सेन्स वॉज ड्यू टू फीव्हर’ चालतं, कारण ड्यू हे ॲब्सेन्सला, म्हणजे गैरहजेरीला, लागतंय. ‘ही वॉज ॲब्सेंट ड्यू टू फीव्हर’ त्यांना चालत नव्हतं, तिथे बिकॉज ऑफ हवं. आज दोन्ही चालतं, पेपरात रोज दिसतं, कोणी मार्क कापत नाही. तरी मी शिकवताना एक साधी चाचणी देते, ड्यू टूच्या जागी ‘कॉज्ड बाय’ घालून वाक्य वाचा, नीट बसलं तर ड्यू टू ठेवा, खडबडीत वाटलं तर बिकॉज ऑफ घाला. रजेच्या अर्जात याने कधी चूक होणार नाही. आणि ‘ड्यू टू बिकॉज ऑफ’ असं दोन्ही एकदम लिहू नका, हे बऱ्याच अर्जात दिसतं.

पायरी ५ : नामाच्या आधी ड्यू आला आणि पैसा, तारीख दोन्ही नसेल तर ‘योग्य ते, हक्काचं ते’

ड्यू केअर, योग्य ती काळजी. ड्यू रिस्पेक्ट, योग्य तो मान. हेही येणंच आहे, मान हे त्या माणसाचं आपल्याकडून येणं. मीटिंगमध्ये कोणी ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ म्हणून सुरुवात केली तर समजा पुढे विरोध येतोय, साहेबांशी बोलताना हे वाक्य जपून वापरा, नवीन माणसाच्या तोंडी ते टोचतं. ड्यू डिलिजन्स म्हणजे घ्यायच्या आधी नीट तपास, फ्लॅट किंवा जमीन घेताना वकील मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च काढतात तो त्याचाच भाग.

आणि ड्यू प्रोसेस, म्हणजे योग्य ती, न्याय्य कार्यपद्धती. हा शब्दप्रयोग इंग्लंडच्या १३५४च्या कायद्यात आहे, तिथून अमेरिकेच्या राज्यघटनेत गेला. आपल्या घटनेत मात्र कलम २१ मध्ये ड्यू प्रोसेस नाही, ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द आहेत. घटनेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत जाऊन तिथले न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले होते, आणि पुढे ड्यू प्रोसेस मसुद्यातून निघालं. संविधान सभेत यावर वाद झाला, डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले. मग १९७८ला मनेका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कार्यपद्धती नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी पण हवी. एका विशेषणावर एवढा विचार झाला, मला हे वर्गात सांगायला फार आवडतं, कारण त्यानंतर लोक शब्दाकडे जरा आदराने बघतात.

पायरी ६ : त्याची भावंडं, ड्यूली, अनड्यू, ड्यूज

ड्यूली म्हणजे रीतसर. ‘ड्यूली फिल्ड अँड साइन्ड फॉर्म’ म्हणजे रीतसर भरून सही केलेला फॉर्म, एक रकाना रिकामा राहिला तरी तो ड्यूली फिल्ड नाही आणि खिडकीवरून परत येतो. अनड्यू म्हणजे गैरवाजवी, नको तितकं. अनड्यू इन्फ्लुअन्स हा १८७२च्या करार कायद्याच्या कलम १६ मधला शब्द आहे, आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसावर वजन टाकून करून घेतलेली सही, आजारी म्हाताऱ्या माणसाकडून घर नावावर करून घेतात ते प्रकरण बरेचदा यात येतं.

ड्यूज हे नाम, देणी. सोसायटीचे ड्यूज, कॉलेजचे ड्यूज. नो ड्यूज सर्टिफिकेट म्हणजे आपल्या विकास सोसायटीच्या भाषेत बेबाकी दाखला. कर्ज फिटलं की हा कागद मागून घ्यायचाच, बँकेतला माणूस सिस्टिममध्ये क्लोज झालंय म्हणाला तरी घ्यायचा. आणि घर तारण असेल तर पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेला बंधनकारक आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३पासून लागू आहे. इथे कागद हे तुमचं येणं आहे, मागायला संकोच करू नका.

पायरी ७ : ‘इन ड्यू कोर्स’ला उत्तर लिहा

सरकारी आणि कंपनीच्या पत्रात शेवटी बरेचदा येतं, ‘युवर क्लेम विल बी सेटल्ड इन ड्यू कोर्स’. यथावकाश. चेकच्या कायद्यात ‘होल्डर इन ड्यू कोर्स’ आहे तो वेगळा, मोबदला देऊन, मुदतीच्या आत आणि खोट असल्याचं काही माहीत नसताना चेक किंवा हुंडी घेतलेला माणूस, त्याच्याशी याचा गोंधळ नको. पत्रातल्या ड्यू कोर्सला तारीख नसते, आणि दुसऱ्या पायरीत बघितलं तसं, तारीख नसलेल्या ड्यूवर आपण नुसतं बसून राहायचं नाही. आमच्या वर्गात सगळ्यांना हे एक वाक्य पाठ करायला लावते, त्या रिटायर सरांनीही पोस्टकार्डावर हेच लिहून पाठवलं, खाली तारीख आणि सही करून, ‘काइंडली लेट मी नो द डेट ऑन व्हिच द अमाउंट ड्यू टू मी विल बी पेड.’